टायर बदलल्यावर सस्पेन्शनचा दिवा: गाडी पुण्याला न्यावी की सोलापुरातच दाखवावी?

मृगाच्या आधी टायर बदलून घेणारे सोलापुरात बरेच आहेत. साध्या स्प्रिंगच्या गाडीला त्याचं काही नाही. एअर सस्पेन्शनची, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर उभी राहणारी गाडी असेल तर मात्र दुकानातून बाहेर पडतानाच डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागू शकतो. मग कंपनीचं पुण्यातलं सर्व्हिस सेंटर, की गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं स्कॅनर असलेलं इथलं गॅरेज? मी दोन्हीकडे जाऊन आलोय.

त्याआधी एक सांगतो, कदाचित कुठेच जावं लागणार नाही. जॅक मोड, म्हणजे गाडी उचलताना उंची सांभाळणारी यंत्रणा थांबवणारी सेटिंग, न लावता गाडी उचलली की चाकं खाली लोंबतात. उंची मोजणारा लेव्हल सेन्सर गाडीची बॉडी आणि चाक धरणारा आर्म यांच्यातलं अंतर बघतो. त्याच्या लेखी गाडी भलतीच उंच झालेली असते, म्हणून यंत्रणा हवा सोडू लागते. गाडी खाली टेकली की तीच हवा परत भरायला कॉम्प्रेसर सलग चालतो, तापतो आणि थांबतो. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात तो लवकरच तापणार. सावलीत गाडी तासभर बंद ठेवा, पुन्हा चालू करा, रिकाम्या रस्त्यावर सरळ थोडी चालवा. पुष्कळदा दिवा आपोआप जातो. नव्या टायरची उंची वेगळी आहे म्हणून दिवा लागला, असं ठामपणे सांगणारे भेटतील. पण हा सेन्सर टायर बघतच नाही. गाडी एका कोपऱ्यात बसली असेल किंवा दिवा लाल असेल तर मात्र ती हलवू नका.

एवढं करूनही दिवा राहिला, तर निवड करायची.

सर्व्हिस सेंटरची बाजू कमकुवत नाही. वॉरंटी असेल तर दुसरा विचारच नको. कंट्रोल युनिट (सस्पेन्शन चालवणारा कॉम्प्युटर) बदलायचं असेल, त्याचं कोडिंग करायचं असेल, तर ते काम तिथेच व्हावं. अडीचशे किलोमीटरचा रस्ताही मला फारसा जड वाटला नाही, नाहीतरी पुण्याला जाणं होतंच. मला खटकली ती वेगळीच गोष्ट. तिथे आपण बोलतो सल्लागाराशी, आणि गाडीखाली जातो दुसराच माणूस. “टायर बदलल्यापासून हे सुरू झालंय” हे वाक्य माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं होतं. जॉबकार्डवर ते “सस्पेन्शन तपासणे” एवढंच उतरलं. संध्याकाळी फोन आला, कॉम्प्रेसर बदलावा लागेल. कशावरून, हे सांगायला तपासणारा माणूस काही फोनवर आला नाही. त्यांचं निदान चुकीचंच असतं असं मी म्हणणार नाही. पण कारण न कळता एवढा खर्च मान्य करणं मला जमलं नाही.

होटगी रोडच्या बाजूच्या गॅरेजात मी मेकॅनिकच्या शेजारीच उभा होतो. टायरचं ऐकल्यावर त्याने कोड पुसण्याआधी चारही चाकांच्या उंचीचे लाइव्ह आकडे काढले. तीन जवळपास सारखे, मागच्या डावीकडचा तेवढा अडकलेला. टॉर्च घेऊन गाडीखाली गेला. सेन्सरची बारीक दांडी बॉल-जॉइंटमधून निसटली होती. चाक लोंबलं तेव्हाच निसटली असणार. ती परत बसवली आणि त्याने मला हाताने हलवून बघायला लावली. तो कॉम्प्रेसर अजून चालतोय.

अर्थात प्रत्येक गॅरेज असं नसतं. फोनला जोडायचा स्वस्तातला डोंगल बहुतेक वेळा इंजिनाचेच कोड वाचतो, सस्पेन्शनच्या युनिटपर्यंत पोहोचत नाही. आणि “दिवा घालवून देतो” असं कोणी म्हणालं तर तिथून निघालेलं बरं. कोड पुसला की माग काढायला काही उरत नाही. रात्रभरात गाडी खाली बसत असेल तर हवा कुठेतरी गळतेय. तिथे साबणाचं पाणी लावून पाहणारा माणूस हवा.

सेन्सरच बदलायची वेळ आली तर एक प्रश्न आधी विचारा: चाकाच्या हबच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या (मडगार्डच्या) कडेपर्यंत मोजून ते आकडे स्कॅनरमध्ये भरून कॅलिब्रेशन करता का? हो म्हणाले आणि टेप घेऊन आले, तर मी गाडी सोलापुरातच ठेवीन. उत्तर गुळमुळीत आलं, तर तेवढ्या कामापुरती पुण्याला नेईन.