सातव्या फासळीवरचा ठिपका: बोन स्कॅन व सीटी, की पीएसएमए पेट?

प्रोस्टेटच्या कर्करोगाचा बायॉप्सीचा अहवाल आला आहे, ग्लीसन (गाठ किती आक्रमक दिसते त्याचा बायॉप्सीतला आकडा) ८ किंवा त्याहून वर आहे अथवा पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) २०च्या पुढे गेला आहे, आणि शस्त्रक्रिया की रेडिएशन हे ठरण्याआधी आजार प्रोस्टेटच्या बाहेर पडला आहे का ते पाहायचे आहे, अशा टप्प्यावरच्या वाचकांसाठी हे लिहीत आहे. त्यासाठी जुनी वाट म्हणजे बोन स्कॅन व सीटीची जोडी, आणि नवी म्हणजे पीएसएमए पेट; कमी जोखमीच्या आजारात सहसा या दोहोंपैकी कशाचीच गरज पडत नाही. मी डॉक्टर नाही; दोन्ही तपासण्या एकाच महिन्यात माझ्या झाल्या, एवढाच माझा अधिकार.

माझा पीएसए २४ होता आणि ग्लीसन ४+४. सुरुवात मी जुन्या वाटेनेच केली, कारण ती स्वस्त होती आणि मुलुंडला घराजवळ सोय होती. बोन स्कॅनसाठी सकाळी टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचे इंजेक्शन, मग पाणी पीत तीन तास बसून राहणे, त्यानंतर कॅमेऱ्याखाली अर्धा तास. सीटी दुसऱ्या दिवशी. याचा काहीच त्रास वाटला नाही. त्रास दिला तो अहवालातल्या एका वाक्याने: उजव्या सातव्या फासळीत शोषण वाढलेले दिसते, जुनी इजा की मेटास्टॅसिस (कर्करोगाचा प्रसार) हे निश्चित सांगता येत नाही, क्लिनिकली पडताळून पाहावे.

पडताळायचे कोणी आणि कशावरून? डॉक्टरांनी विचारले, कधी पडला होतात का? बऱ्याच वर्षांपूर्वी पावसात दादरच्या पुलाच्या पायऱ्यांवरून घसरलो होतो, पण कोणत्या कुशीवर ते काही केल्या आठवेना. घरी आल्यावर पत्नी म्हणाली, "उजवीच. आयोडेक्स मीच चोळत होते की." आता आयोडेक्सच्या साक्षीवर कोणी उपचार ठरवत नाही. एक्स-रे झाला, त्यात काही कळले नाही; मग त्या भागाचा एमआरआय झाला, त्यावरही "शक्यता कमी" एवढेच मत आले. यात तीन आठवडे गेले, आणि आजार मुळातून बरा करण्याचा प्रयत्न करायचा की तो हाडांत पसरला आहे असे धरून चालायचे, हे सगळे त्या एका फासळीवर अडून राहिले होते. माझा कौल पेटच्या बाजूने ठरला तो या तीन आठवड्यांत.

दोष यंत्राचा म्हणता येत नाही. बोन स्कॅनला कर्करोग दिसतच नाही. हाड जिथे स्वतःची डागडुजी करत असते ती जागा दिसते, मग कारण गाठीचे असो, संधिवाताचे असो वा जुन्या फ्रॅक्चरचे. पीएसएमए पेटमध्ये मात्र किरणोत्सारी द्रव्य प्रोस्टेटच्या पेशींवर विपुल असलेल्या पीएसएमए नावाच्या एका प्रथिनाला जाऊन चिकटते. ऑस्ट्रेलियात जास्त जोखमीच्या ३०२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'प्रोपीएसएमए' अभ्यासात पेटची अचूकता ९२ टक्के आणि जुन्या जोडीची ६५ टक्के आढळली. मला त्याहून बोलका वाटतो तो दुसरा आकडा: "निश्चित सांगता येत नाही" या प्रकारचे निष्कर्ष जुन्या पद्धतीत २३ टक्के, तर पेटमध्ये ७ टक्के होते. किरणोत्सर्गही पेटमध्ये निम्म्याहून कमी होता.

पेटच्या वाट्याला कटकट नाही असे नाही. त्यातले किरणोत्सारी गॅलियम दर ६८ मिनिटांनी निम्मे होते, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. मला अकराची वेळ दिली होती, पण जनरेटरमधून (गॅलियम तिथल्या तिथे काढून देणारे उपकरण) निघालेले द्रव्य त्या फेरीत माझ्या आधीच्यांनाच पुरले आणि इंजेक्शन मिळायला दीड वाजला. चित्र हाती आले की अश्रुग्रंथी, लाळग्रंथी, मूत्रपिंडे आणि मूत्राशय लख्ख उजळलेले दिसतात. घाबरू नये, ते सर्वांचेच तसे दिसतात. चिठ्ठीवर 'पीएसएमए' असे स्पष्ट लिहिले आहे ना, हे मात्र पाहून घ्यावे, कारण ग्लुकोजवर चालणारे नेहमीचे पेट या आजारात फारसे उपयोगी नसते.

माझी फासळी पेटमध्ये गप्प राहिली. उजळली ती ओटीपोटातली जेमतेम ६ मिलिमीटरची एक लसिका ग्रंथी. सीटी अशा ग्रंथी मुख्यतः आकारावरून जोखत असल्याने तिथे ती साधी ठरली होती. म्हणजे एका बाजूने माझी जोखीम उतरली आणि दुसऱ्या बाजूने चढली. रेडिएशनचे क्षेत्र त्या ग्रंथींपर्यंत वाढवावे लागले.

तरीही पेटला अखेरचा शब्द मानू नये. काही गाठींवर हे प्रथिन फारसे नसतेच, आणि अगदी सूक्ष्म प्रसार पेटलाही चुकतो. गॅलियमऐवजी फ्लोरीनवर आधारलेले पीएसएमए-१००७ वापरले तर निरुपद्रवी फासळ्याही उजळू शकतात, म्हणजे माझे दुखणे पुन्हा तिथेच! कोणते द्रव्य देणार, हे आधी विचारलेले बरे. शिवाय आजार पसरलेला असल्यास त्याचा भार मोजण्याचे काही निकष, उदाहरणार्थ हाडांतल्या चार किंवा अधिक जागांचा, बोन स्कॅन व सीटीच्या जमान्यात बसवलेले आहेत. त्यामुळे एखाद्या डॉक्टरांनी बोन स्कॅनही मागितला तर तो हट्ट समजू नये.

राहता राहिला खर्च. पेट महाग आहे, आणि ज्यांना तो झेपत नाही त्यांनी जुनी जोडी केली तर काही चुकले असे मी म्हणणार नाही. मेडिक्लेममध्ये दाखल होण्यापूर्वीच्या किती दिवसांच्या तपासण्या धरतात, तेही विचारून घ्यावे. त्यासाठी कागद लावताना मी बोन स्कॅन, सीटी, फासळीचा एक्स-रे आणि एमआरआय यांच्या पावत्यांची बेरीज केली. ती पेटच्या एकट्या पावतीहून जराशी जास्तच निघाली.