हीटरची कूलंट गळती शोधायला प्रेशर टेस्टर की यूव्ही डाय?

पिकअपच्या कूलंटची बाटली दर आठवड्याला खालच्या खुणेवर येते. इंजिनाखाली ठिपका नाही, पण डाव्या बाजूची मॅट ओलसर आहे, पुढच्या काचेवर आतून चिकट धुरकट थर बसतोय आणि ब्लोअर लावला की गोडसर वास येतो. एवढं दिसल्यावर हीटर कोअरवर, म्हणजे डॅशबोर्डमागच्या गरम कूलंट फिरणाऱ्या छोट्या रेडिएटरवर, संशय जातोच. पण बहुतेक पिकअपमध्ये कोअर काढायचा म्हणजे डॅशबोर्ड उतरवायचा. सगळं खोलल्यावर गळकी निघाली ती होजची क्लिप, तर मजुरी आणि गाडीचा खाडा दोन्ही वाया. म्हणून आधी खात्री करायची, आणि ती करायला दोन साधनं आहेत: कूलिंग सिस्टीममध्ये दाब भरून तो उतरतो का हे काट्यावर दाखवणारा हातपंपवाला प्रेशर टेस्टर, किंवा कूलंटमध्ये टाकायचा, यूव्ही प्रकाशात चमकणारा डाय (रंग) आणि यूव्ही टॉर्च.

डाय स्वस्त पडतो आणि वापरायला सोपा. बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, साधारण ३० मिली, थंड इंजिनात ओतायचा, गाडी फिरवायची आणि अंधारात पिवळा चष्मा लावून टॉर्च मारायची. डाय कूलंटसाठीचाच घ्यावा. एसीचा किंवा ऑइलचा चालत नाही. आपल्याकडे एक गोष्ट हमखास विसरली जाते. महाराष्ट्रात हीटरचा खटका वर्षातले बहुतेक महिने थंडवरच असतो. ज्या गाडीत हीटरच्या पाइपवर व्हॉल्व्ह आहे तिथे तो बंद राहतो आणि डाय कोअरमधून फिरतच नाही. खटका पूर्ण गरमवर ठेवून अर्धा तास तरी गाडी चालवली नाही, तर 'काहीच दिसलं नाही' या उत्तराला अर्थ नाही. शिवाय बऱ्याच हिरव्या कूलंटमध्ये रंगासाठी फ्लुओरेसीन असतं आणि ते डाय न टाकताही टॉर्चखाली चमकतं. आधी टॉर्च मारून बघा, मग डाय ओता.

प्रेशर टेस्टरला सुरुवातीची खटपट जास्त. रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या कॅपच्या जागी, तिच्या आट्यांना बसणारा अडॅप्टर नसेल तर अख्खी पेटी निरुपयोगी, त्यामुळे विकत घेण्याआधी आपल्या गाडीची कॅप सोबत नेऊन ताडून बघावी. इंजिन पूर्ण थंड हवं, शक्यतो रात्रभर उभं राहिलेलं. कोमट इंजिनावर दाब भरला तर कूलंट निवताना काटा आपोआप उतरतो आणि नसलेली गळती दिसते. कॅपवर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब भरायचा, ०.९ असेल तर ०.९ बार, १.१ असेल तर १.१. त्यापुढे गेलात तर जुना कोअर किंवा प्लॅस्टिकची टाकी तुमच्याच हातून फुटू शकते. काटा १५ मिनिटं जागेवर राहायला हवा. कोअरची गळती बारीक असते, तिथे अर्धा तास द्यावा. काटा उतरला तर आधी अडॅप्टरचाच वॉशर ओला करून पुन्हा बसवून बघा, कारण बरेचदा तिथूनच दाब निघत असतो.

आता खरा उपयोग. हीटरचे दोन होज इंजिनच्या बाजूने केबिनच्या पत्र्यात शिरतात. ते दोन्ही पत्र्याजवळ गोल जबड्याच्या होज पकडीने दाबून धरा आणि पुन्हा तेवढाच दाब भरा. आता काटा थांबला तर गळती पकडीच्या पलीकडे, म्हणजे कोअरमध्ये किंवा त्याच्या जोडावर. तरीही उतरत राहिला तर इंजिनाच्या बाजूला शोधा: वॉटर पंप, रेडिएटर, होजच्या क्लिपा, आणि बाहेर कुठेच ओल नसेल तर हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग). होज कडक झाले असतील तर दाबू नका, दाबल्या जागी चिरतात. अशा वेळी दोन्ही होज कोअरवरून काढायचे, कोअरच्या एका नळीला बूच मारायचं आणि दुसरीतून हवेचाच दाब द्यायचा.

एसी आदल्या रात्रीपासून बंद ठेवला असेल तर एसीच्या कूलिंग कॉइलच्या (ती कोअरसोबत एकाच पेटीत असते) ड्रेन पाइपखाली पांढरा कागद ठेवा. त्यावर रंगीत, बोटाला बुळबुळीत लागणारा थेंब पडला तर तो कूलंटच. (चाखून बघू नका, इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि गोड असल्याने कुत्री ते पितात. खाली पडलेलं लगेच पुसा.) कागद कोरडा राहिला म्हणून कोअर निर्दोष ठरत नाही; काही गाड्यांत तो थेंब थेट मॅटखाली जातो.

डायबद्दल माझं मन ज्या एका गोष्टीने फिरलं, ती आधी कोणी सांगत नाही. डाय बाहेर पडला की पडल्या जागी राहतो. इंजिनाची बाजू धुता येते, पण हीटरच्या पेटीच्या आत हात पोचत नाही. कोअर बदलून झाल्यावरही पेटीच्या तळाशी, फोममध्ये, ड्रेन पाइपमध्ये तो चिकटलेला असतो आणि एसीचं पाणी त्याला थोडं थोडं खाली आणत राहतं. नवा जोड गळतोय की जुना डाय उतरतोय, हे टॉर्च सांगू शकत नाही. त्यात पूर्वी कोणी एसीच्या गॅसमध्ये डाय सोडला असेल तर त्याच पेटीतली कूलिंग कॉइलही चमकते. म्हणजे दुरुस्ती नीट झाली का, हे कळायची गरज असते नेमकं तेव्हाच डाय मुका होतो. टेस्टर तसं करत नाही. डॅशबोर्ड परत चढवण्याआधी नव्या कोअरवर दाब भरून अर्धा तास काटा बघितला की काम पक्कं आहे का ते तिथेच कळतं. अडॅप्टर असेल तर कॅपही त्याच पंपावर तपासून होते.

तरी डाय टाकाऊ आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. काही गळत्या इंजिन तापल्यावरच उघडतात, धातू फुगला की चीर रुंदावते, आणि थेंब गरम भागावर पडून वाळून जातो. थंड इंजिनावर काटा मग जागचा हलत नाही. तिथे डायच कामाचा. उलट सकाळी गार इंजिनावर गळून गरम झाल्यावर बंद होणारा होजचा जोड टेस्टरच पकडतो. एकच गाडी असेल आणि गळती बोनेटखाली दिसेल असं वाटत असेल, तर डायने सुरुवात करायला माझी हरकत नाही. पण ओल केबिनच्या आत असेल, तर टेस्टर असलेलं गॅरेज शोधायला अर्धा दिवस गेला तरी चालेल, असं मला वाटतं.

तोवर गळती बुजवणारी पावडर किंवा द्रव मात्र टाकू नका. त्याने सर्वांत आधी कोअरच्या बारीक नळ्याच तुंबतात. त्यापेक्षा हीटरचे दोन्ही होज इंजिनाच्या बाजूला नळीच्या तुकड्याने एकमेकांना जोडून कोअर वगळा. होजचा आतला व्यास मोजून घ्या, बहुधा १६ किंवा १९ मिमी भरतो. दोन्ही बाजूंना क्लिपा आवळा, कूलंट भरून हवा काढा. माल पोचेल, मॅट कोरडी राहील. फक्त पावसाळ्यात काचेवरचं धुकं काढायला गरम हवा मिळणार नाही, तेव्हा घाटाची गाडी असेल तर पावसाआधी कोअर बसवून घ्या.