डेबेझियम: बदल चोख टिपतं, पण स्लॉटवर लक्ष हवंच

ऑर्डरची स्थिती बदलली की सर्च इंडेक्स, कॅश आणि वेअरहाउस या तिघांनाही ते कळायला हवं. अ‍ॅप्लिकेशनमधून तिन्ही ठिकाणी स्वतंत्र लिहायला गेलं, की कधी ना कधी एक राइट यशस्वी होतं, दुसरं पडतं आणि आकडे जुळेनासे होतात. ठरावीक वेळाने ‘अपडेटेड अ‍ॅट’ कॉलम तपासला, तर डिलीट झालेल्या ओळी दिसतच नाहीत. डेबेझियम थेट डेटाबेसचा ट्रान्झॅक्शन लॉग (प्रत्येक बदलाची नोंदवही) वाचतं, त्यामुळे कमिट झालेला प्रत्येक इन्सर्ट, अपडेट आणि डिलीट क्रमाने हाती येतो. अपाचे २.० परवान्याचं हे ओपन सोर्स साधन सहसा काफ्का कनेक्टवर (संदेश वाहून नेणाऱ्या काफ्काला डेटाबेसशी जोडणाऱ्या चौकटीवर) चालवतात. काफ्का नको असेल, तर डेबेझियम सर्व्हरमधून बदल किनेसिस किंवा रेडिस स्ट्रीम्ससारख्या दुसऱ्या संदेशवाहक प्रणालींकडे पाठवता येतात. इथे भर पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कनेक्टरवर, म्हणजे त्यातले बदल वाचणाऱ्या भागावर आहे.

मांडणी सोपी आहे, पण डीफॉल्टवर विसंबू नका. पोस्टग्रेसच्या ट्रान्झॅक्शन लॉगला वाल म्हणतात. ‘वाल लेव्हल’ हे सेटिंग ‘लॉजिकल’ करावं लागतं आणि त्यासाठी डेटाबेस रीस्टार्ट करावा लागतो. वालमधल्या नोंदी कनेक्टरला समजतील अशा रूपात देणारं प्लगइन म्हणून ‘पीजीआउटपुट’ स्पष्टपणे निवडा. ते पोस्टग्रेस १० पासून सोबतच येतं, तर कनेक्टरचं डीफॉल्ट प्लगइन वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. पब्लिकेशनही (कोणत्या टेबलांचे बदल बाहेर द्यायचे ती यादी) कनेक्टरला आपोआप बनवू देऊ नका. तो सगळ्याच टेबलांचं पब्लिकेशन करायला जातो आणि त्यासाठी सुपरयूझरचे अधिकार मागतो. हवी तेवढीच टेबलं घालून ते आधी हाताने तयार करा. प्रायमरी की नसलेलं टेबल त्यात घातलं आणि रेप्लिका आयडेंटिटी (बदललेली ओळ कशावरून ओळखायची ते) ठरवली नाही, तर त्या टेबलावरचे अ‍ॅप्लिकेशनचे अपडेट आणि डिलीट एरर देऊन थांबतात. म्हणजे फटका थेट प्रॉडक्शनला.

खरी परीक्षा रेप्लिकेशन स्लॉटची. कनेक्टरचा वाल कुठवर वाचून झाला, याची पोस्टग्रेसने ठेवलेली खूण म्हणजे हा स्लॉट. कनेक्टरने पोच दिल्याशिवाय पोस्टग्रेस वाल फाइली सोडत नाही. कनेक्टर बंद पडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर डिस्क भरत जाते आणि शेवटी डेटाबेसच थांबतो. पोस्टग्रेस १३ पासून ‘मॅक्स स्लॉट वाल कीप साइझ’ने यावर मर्यादा घालता येते, डीफॉल्ट मात्र अमर्याद आहे. मर्यादा ओलांडली की स्लॉट निकामी होतो आणि स्नॅपशॉट (टेबलांतल्या सध्याच्या डेटाची पूर्ण प्रत) पुन्हा घ्यावा लागतो, पण डेटाबेस वाचतो. हा सौदा आम्हाला पूर्ण पटतो. मागे राहिलेल्या वालच्या आकारावर अलर्ट तरीही लावाच.

कनेक्टर धडधाकट असूनही डिस्क भरू शकते. वाल संपूर्ण सर्व्हरचा एकच असतो, स्लॉट मात्र एका डेटाबेसपुरता. शेजारच्या डेटाबेसमध्ये धो धो राइट होत असतील आणि आपला शांत असेल, तर पोच पुढे सरकतच नाही. उपाय म्हणजे हार्टबीट: अंतर ठरवा, एक छोटं टेबल बनवा आणि ‘हार्टबीट अ‍ॅक्शन क्वेरी’ने त्यात नियमित राइट होऊ द्या. हे डीफॉल्टने बंद का ठेवलंय, हे कळत नाही.

पहिला स्नॅपशॉट मोठ्या टेबलांवर त्रास देतो. तो अर्ध्यात तुटला तर पहिल्यापासून सुरू होतो, आणि तो चालू असेपर्यंत वाल साठत राहतो. इन्क्रिमेंटल स्नॅपशॉट इथे फार कामाचा: सिग्नल टेबलात (कनेक्टरला सूचना देण्यासाठीच्या टेबलात) एक ओळ टाकली की टेबल तुकड्यातुकड्याने वाचलं जातं (डीफॉल्ट १०२४ ओळी), चालू बदलही सोबत येत राहतात, आणि खंड पडला तर काम तिथूनच पुढे जातं.

घेणाऱ्या बाजूला तीन गोष्टी सांभाळा. कनेक्टर पडून उठला की काही इव्हेंट दुसऱ्यांदा येऊ शकतात, म्हणून कीवर अपसर्टच (ओळ असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट) करा. न्यूमेरिक कॉलम डीफॉल्टने बाइट्समध्ये येतात आणि जेसनमध्ये रक्कम वाचताच येत नाही. ‘डेसिमल हँडलिंग मोड’ ‘स्ट्रिंग’ ठेवा. तिसरी जास्त घातक: मोठ्या मजकुराचा कॉलम अपडेटमध्ये बदलला नसेल, तर त्याच्या जागी ‘मूल्य उपलब्ध नाही’ अशी खूण येते. ती तशीच लिहिली, तर सर्च इंडेक्समधला चांगला मजकूर पुसला जातो. ‘रेप्लिका आयडेंटिटी फुल’ने हे टळतं, पण वाल वाढतो, त्यामुळे मोजक्या टेबलांनाच ते लावा आणि बाकी ठिकाणी ही खूण ओळखून तो कॉलम वगळा.

मायएसक्यूएलला स्लॉट नसल्याने डिस्कचा धोका कमी, पण बिनलॉगची (त्याच्या ट्रान्झॅक्शन लॉगची) मुदत संपेपर्यंत कनेक्टर बंद राहिला तर मधले बदल कायमचे हुकतात.

आणि पोस्टग्रेसवरून कनेक्टर काढून टाकलात, तरी स्लॉट मागे राहतो. तो वेगळा ड्रॉप करा, नाहीतर कुणीच वाचत नसलेला वाल साठत जाईल.