बागेतली फरसबंदी: ८ बाय १० की १२ बाय १४?

घरामागे बसायला शहाबादीची फरसबंदी करायची म्हटली की गवंडी सहसा सम आकड्यातलीच मापं सांगतो. दोन बाय दोनची फरशी मग कापावी लागत नाही. आमच्याकडची चर्चाही शेवटी अशाच दोन मापांवर येऊन थांबली: ८ बाय १० आणि १२ बाय १४. एकीला २० फरशा, दुसरीला ४२. मुरूम, कोबा, मजुरी सगळं त्याच हिशोबाने वाढतं, म्हणजे खर्च दुपटीच्या थोडा वरच. हे धरूनच पुढचं वाचा.

मी दोन्हींवर बसलोय. नाशिकला भाड्याच्या रो-हाउसमागे ८ बाय १० होती, आता स्वतःच्या घरामागे १२ बाय १४ आहे.

लहानीची बाजू आधी मांडतो, कारण ती लंगडी नाही. दोन वेताच्या खुर्च्या, मध्ये टीपॉय, डिसेंबरातलं कोवळं ऊन आणि पेपर एवढीच अपेक्षा असेल तर ८ बाय १० भरपूर झाली. मागची जागा २० बाय २५ धरली तर लहान फरसबंदी तिचा सहावा हिस्सा खाते, मोठी जवळजवळ तिसरा. ज्याला मोगरा, कढीपत्ता, दोन वाफे मेथी-कोथिंबीर हवी आहे, त्याला हा फरक जाणवतो. शिवाय पावसाळ्यात शेवाळ धरतं, तेव्हा ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासायचं काम निम्मं. झाडलोटही तशीच.

गडबड सुरू होते ती टेबल आल्यावर. आमचं चार फुटी गोल टेबल आणि भोवती प्लॅस्टिकच्या खुर्च्या. बसेपर्यंत सगळं नीट. पण माणूस उठताना खुर्ची मागे सरकवणारच, आणि सरकवली की मागचे पाय फरशीच्या कडेवरून थेट मातीत. खुर्ची कलते, माणूस टेबल धरतो, कपातला चहा बशीत. कोरड्या दिवसात हसून सोडून देता येतं. जुलैत मात्र खुर्चीच्या पोकळ पायांत चिखल भरतो, तीच खुर्ची पुन्हा वर ओढली की फरशीवर गोल ठसे उमटतात, आणि ते तुडवत पोरं थेट स्वयंपाकघरात. सासूबाई गुडघ्यांमुळे आधीच जपून बसणाऱ्या. त्या भिंतीकडची खुर्ची सोडून दुसरीवर बसेनात. मग त्यांच्या मागून आत जायला वाट उरेना, आणि पाण्याचा तांब्या आणायचा तरी त्यांना उठवावं लागे. कडेला विटांची उभी पट्टी बसवून पाहिली, तर खुर्ची तिला अडकून जास्तच कलायला लागली.

मोजायला बसलं तर हिशोब सोपा आहे. टेबल चार फूट, समोरासमोरच्या दोन खुर्च्या मागे सरकायला प्रत्येकी तीन फूट धरा, झाले दहा. एका बाजूने माणूस जायला दोन फूट सोडले की बारा. आमच्या ८ फुटांच्या बाजूला हे बसणं शक्यच नव्हतं. १४ फुटांच्या बाजूला टेबलाची जागा सोडूनही दोनेक फूट हातात राहतात. आमच्याकडे तिथे तुळशीवृंदावन आहे. एप्रिलमध्ये टेबल आत घेतलं की कुरडया-पापड घालायला सगळी जागा मोकळी, आणि कोजागरीला सतरंजी टाकून चार घरची माणसं बसतात.

मोठीचे तोटेही सांगायला हवेत. उन्हाळ्यात शहाबादी अशी तापते की रात्री जेवण झाल्यावरही पायाला ऊब लागते; संध्याकाळी दोन बादल्या पाणी मारावंच लागतं. पश्चिमेला उघडी जागा असेल आणि लगेच मागे झोपायची खोली असेल तर याचा जरूर विचार करा. दुसरं पावसाचं. एक इंच पाऊस पडला की १२ बाय १४ वर जवळपास ४०० लिटर पाणी जमा होतं, लहानीवर त्याच्या निम्म्याहून कमी. घरापासून बागेकडे दर आठ फुटांना एक इंच असा उतार काढून घ्या, आणि तो गवंड्याकडून लेव्हल ट्यूब लावून दाखवून घ्या, तोंडी नको. आमचं पाणी अळू आणि कर्दळीकडे जातं, आणि अळू त्यावर खूश आहे.

मधलं माप म्हणून १० बाय १२ सुचवणारेही भेटतील. फरशा ३०, खर्च आटोक्यात. चार खुर्च्या त्यात बसतील, पण झोपाळा, वृंदावन किंवा कुंड्यांची रांग यांतलं काही आलं की पुन्हा खुर्ची कडेला जाते, असं मला वाटतं. तुमचं टेबल तीन फुटी असेल तर कदाचित तेच माप बरोबर ठरेल.

ठरवण्याआधी चुन्याच्या फक्कीने जमिनीवर दोन्ही मापं आखा आणि घरातलंच टेबल-खुर्च्या आत ठेवून एकदा सगळ्यांनी बसून जेवा. जेवताना नाही, उठताना खाली बघा. पाय रेषेबाहेर कुठे जातात ते तिथेच कळतं. दोघांचंच घर असेल, पाहुणा क्वचित येत असेल, तर लहानी घेण्यात काही गैर नाही. येणं-जाणं असणाऱ्या घराला मात्र मी मोठीच सांगेन, आणि वाफ्यांची हौस कुंड्यांवर भागवायला सांगेन.

पैसे आत्ता अडत असतील तर लहानीच करा, पण ज्या बाजूला पुढे वाढवायची आहे तिकडची कड सिमेंटने बंद करू नका, आणि तिथे पारिजातक किंवा शेवगा लावू नका. नंतर तोडायला जीव होत नाही. फरशीची जाडी लिहून ठेवा. शहाबादीचा रंग लॉटप्रमाणे बदलतो, तेव्हा दोन तुकडे वेगळे दिसतील, पण एखाद्या पावसाळ्यानंतर त्याकडे फारसं लक्ष जात नाही.