ओलिताच्या रात्री ‘क्लोजर टू ट्रुथ’

हरभऱ्याला ओलित करायची आमची लाइन, म्हणजे मोटरीची वीज, आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच असते. एकदा मोटर सुरू केली की पहाटेपर्यंत वावर सोडता येत नाही. स्प्रिंकलरचे पाइप उचलून पिकाच्या पुढच्या ओळींत न्यायचे, नोझल अडकला तर काडी घालून मोकळा करायचा, आणि मधल्या वेळात रानडुकरांवर ध्यान ठेवायचं. त्या मधल्या वेळात दोन हिवाळ्यांपासून मी ‘क्लोजर टू ट्रुथ’ ऐकतो आहे. एका कानात इअरफोन, दुसरा कान डुकरांसाठी मोकळा. मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार, शिक्षण बारावीपर्यंत. हा कार्यक्रम माझ्या लय कामी पडला, म्हणून लिहितो आहे.

कार्यक्रम अमेरिकेतला. रॉबर्ट लॉरेन्स कून नावाचे गृहस्थ तो चालवतात. त्यांनी मेंदूच्या अभ्यासात डॉक्टरेट केली आणि पुढं बँकिंगच्या धंद्यात गेले, पण डोक्यातले प्रश्न काही गेले नाहीत. २००० साली पीबीएस वाहिनीवर हा कार्यक्रम सुरू झाला. आधी चारचौघांना एकत्र बसवून चर्चा व्हायची. पुढं कून एकेकाला गाठून समोरासमोर बोलू लागले. आज हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे. पूर्ण भाग अर्ध्या तासाच्या आसपासचा, सुट्या मुलाखती त्याहून लहान. देव आहे का? मेल्यावर काही उरतं का? काहीच नसायच्या ऐवजी हे एवढं सगळं का आहे? हेच प्रश्न ते पदार्थविज्ञानवाल्याला विचारतात, मेंदूवाल्याला विचारतात आणि धर्मशास्त्राच्या पंडितालाही विचारतात. उत्तर पटलं नाही तर तोंडावर सांगतात आणि पुन्हा विचारतात. देव असावा असं मनातून वाटतं पण बुद्धीला पटवता येत नाही, हेही ते लपवत नाहीत. मला त्यांचा भरवसा वाटला तो इथं.

मी याच्याकडं वळलो तो बाबांमुळं. शेवटच्या दीड वर्षात बाबांची आठवण गेली होती. एका सकाळी मी चहा घेऊन गेलो तर माझ्याकडं बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “तू कोनाचा पोरगा होय रे बावा?” मी त्यांचंच नाव सांगितलं. ते म्हणाले, “चांगला मानूस होता.” त्याच दिवशी संध्याकाळी गोऱ्ह्याचं दावं सुटलं. बाबा काठी टेकत उठले आणि त्यांनी दाव्याला गाठ मारली. गळ्याला फास बसणार नाही आणि हिसका दिला तरी सुटणार नाही, अशी ती त्यांची गाठ. लहानपणी मला शिकवताना चारदा सोडून चारदा मारायला लावली होती. बोटं जराही अडखळली नाहीत. मी दावं धरून उभा होतो आणि एकच विचार मनात होता: हे माझे बाबा आहेत की नाहीत?

सवयीची कामं मेंदूत वेगळ्या जागी साठवलेली असतात, म्हणून ती उशिरापर्यंत टिकतात, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. ते मला पटलंही. पण माझा प्रश्न मेंदूतल्या जागेचा नव्हता.

तो प्रश्न मला कूनच्या कार्यक्रमात सापडला. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ रिचर्ड स्विनबर्न म्हणतात, माणसाला आत्मा असतो, आणि माणूस तोच राहतो तो त्या आत्म्यामुळं. आठवणी गेल्या म्हणून माणूस बदलत नाही. त्या रात्री मी मोटर बंद करून धुऱ्यावर बसून राहिलो. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतले तत्त्वज्ञ डॅनियल डेनेट (ते २०२४ साली वारले). त्यांच्या मते ‘मी’ म्हणजे आपल्याबद्दलच्या गोष्टीचा गुरुत्वमध्य. हे मला बंडीमुळं कळलं. कापसाची बंडी भरताना भार मागं गेला की ती उलार होते. तो भाराचा मध्य म्हणजे बंडीतलं लाकूड नाही, लोखंड नाही, हातात धरता येत नाही. पण तो विसरून बंडी भरली तर बैलांच्या मानेचं जू वर उचललं जातं. तसा ‘मी’. डेनेटचं म्हणणं मला आवडलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही.

हे मी पानठेल्यावर सांगितलं. विहारात नेमानं जाणारा माझा दोस्त लगेच म्हणाला, “अरे, बुद्धानं हेच सांगतलं ना! आत्मा नाही म्हनून.” शेजारी एक माळकरी म्हातारे बसले होते. ते म्हणाले, “मंग पाप-पुन्य कोनाच्या खात्यात टाकाचं?” चुना मळता मळता एवढा नेमका सवाल! कूनच्या खुर्चीसमोर या दोघांना बसवावं असं मला मनापासून वाटतं. माझी मोठी तक्रारही तीच आहे. पाहुणे बहुतेक विद्यापीठातले, आणि तेही इंग्लंड-अमेरिकेकडचे जास्त. आपल्याकडं या प्रश्नांवर शेकडो वर्षं वाद झाले, त्यांचा वाटा मला फार कमी दिसला.

दुसरी अडचण भाषेची. माझं इंग्रजी कामचलाऊ, म्हणून मी मोबाइलवर आपोआप येणारं मराठी भाषांतर लावतो. एकदा खाली आलं, ‘जाणीव प्रकरणातून कशी निर्माण होते’. मला काही उमगेना. पुतणी अमरावतीला बीएस्सी करते, तिला फोन केला. ती म्हणाली, “मोठेबाबा, मॅटर म्हणजे इथं जडद्रव्य. कोर्टातलं मॅटर नाही.” त्यानंतर तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांची मुलाखत ऐकली. त्यांचा दृष्टांत १९८० सालचा आहे. खोलीत एक माणूस, त्याला चिनी येत नाही. त्याच्याजवळ नियमांची वही आहे. कोणत्या चिन्हाला कोणतं चिन्ह द्यायचं ते पाहून तो उत्तरं बाहेर सरकवतो. बाहेरच्याला वाटतं, आत चिनी जाणणारा बसला आहे. आतल्याला मात्र एक अक्षर कळत नाही. माझ्या मोबाइलनंही तसंच अर्थ न कळता शब्दाला शब्द दिला होता. ‘प्रकरणातून’ हा शब्द समोर असल्यामुळं मला सर्ल पटकन कळले.

नव्या माणसानं मृत्यू आणि आत्म्यापासून सुरुवात करावी. विश्वाच्या उत्पत्तीचे भाग जड जातात, माझे दोन अर्धेच राहिलेत. जाणिवेचे भाग मात्र सोडू नका. तिथं तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स आहेत. त्यांचा सवाल असा, की मेंदूतली तारन् तार कळली तरी दुखणं ‘दुखतं’ का, ते त्यातून कळेल का? १९९८ साली मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कोख यांनी त्यांच्याशी पैज लावली, की २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्ट सापडेल. २०२३ साली कोख यांनी सगळ्यांसमोर हार मानून दारूच्या बाटल्यांची पेटी दिली. हे दोघंही कूनकडं बोलले आहेत.

कोखची मुलाखत मी सोमवारसाठी ठेवली आहे. लाइन रात्री साडेदहाची आहे. पुतणी सुट्टीवर आली आहे, ती म्हणाली, “मीपण येते वावरात.” तिच्यासाठी दुसरं घोंगडं काढून ठेवलं आहे.