आतलं हॉटेल की बाहेरचं? आमचा निकाल दुपारी दीड वाजता लागला

डिस्ने वर्ल्ड बघायला फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला जायचं पक्कं झालं की घरात पुढचा वाद ठरलेलाच: डिस्नेच्या हद्दीतल्या हॉटेलात उतरायचं की बाहेर? आम्ही दोन्ही करून पाहिलंय. पहिल्या खेपेला बाहेर, काही वर्षांनी दुसऱ्या खेपेला आत. दोन्ही वेळा आई सोबत होती. खोल्यांची मापं, तरणतलाव, ताऱ्यांची संख्या हे तुम्ही पाहिलं असेलच, त्यात शिरत नाही.

बाहेरच्या हॉटेलाची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. आतल्या एका लहान खोलीच्या पैशांत बाहेर आम्हाला दोन खोल्या आणि छोटं स्वयंपाकघर मिळालं होतं. नाश्ता फुकट. आईला पहाटे स्वतःच्या हातचा चहा लागतो, तोही होत होता. निघताना बिलात ‘रिसॉर्ट फी’ नावाची एक ओळ निघाली खरी (डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत ही फी नसते), पण ती धरूनही हिशेब बाहेरच्याच बाजूनं होता.

आतल्या हॉटेलांचं कौतुक तुम्ही कुणाकडून ऐकलंय, यावर बरंच अवलंबून आहे. दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेला माणूस सांगेल ते स्वर्गसुख आता तसंच्या तसं उरलेलं नाही. विमानतळावरून हॉटेलपर्यंत फुकट नेणारी बस २००५ साली सुरू झाली आणि २०२१ संपता संपता बंद पडली. मनगटावरचा पट्टा, ज्यानं खोलीही उघडायची आणि पैसेही भरता यायचे, तो पूर्वी फुकट मिळायचा. आता विकत घ्यावा लागतो. राइडची वेळ राखून ठेवायला आतल्या हॉटेलांत उतरलेल्यांना ६० दिवस आधीपासून मुभा होती, बाहेरच्यांना ३०, आणि तेही फुकट. आता त्याचे पैसे पडतात. आत उतरणाऱ्यांचा फायदा उरलाय तो एवढाच, की ते सात दिवस आधी वेळ घेऊ शकतात आणि बाकीचे तीन. सकाळी लवकर प्रवेश आहे, पण अर्ध्या तासाचा. रात्री उशिरापर्यंत थांबायची सवलत महागड्या हॉटेलांपुरती, तीही ठरावीक रात्री. गाडी लावायचे पैसे २०१८ साली घ्यायला लागले आणि २०२३ मध्ये पुन्हा माफ केले. म्हणजे सवलती येतात नि जातात. त्यांच्या भरवशावर खोली घेऊ नये, असं माझं मत झालंय.

मग आम्ही आत का गेलो? दुपारमुळे.

बाहेरच्या हॉटेलची ‘मोफत शटल’ होती. सकाळी तीन फेऱ्या, संध्याकाळी परतीच्या तीन. मधे काही नाही. हे छापलेलं होतं, आम्हीच नीट वाचलं नव्हतं. फ्लोरिडातला उन्हाळा, दुपारचे दीड. पाच वर्षांची मुलगी खांद्यावर झोपलेली, आईचे पाय सुजलेले, आणि आकाश काळं व्हायला लागलेलं. तिथे उन्हाळ्यात दुपारी विजांसह पाऊस ही रोजचीच गोष्ट. पहिली परतीची गाडी साडेपाचला. टॅक्सी बोलवावी म्हटलं, तर आम्ही होतो त्या मॅजिक किंगडम या डिस्नेच्या पार्कची आणखी एक गंमत आहे: बाहेरच्या गाड्या पार्कच्या दारापर्यंत येतच नाहीत. त्या तळ्यापलीकडच्या वाहनतळाशी थांबतात. तिथून दारापर्यंत मोनोरेल किंवा फेरीबोट. म्हणजे झोपलेलं पोर, घडी केलेली बाबागाडी आणि आई यांना घेऊन आधी बोटीची रांग, मग टॅक्सीची वाट, आणि संध्याकाळी परत यायचं तर हेच सगळं उलट. आम्ही एका छपराखालच्या बाकावर चार तास काढले. साडेपाचच्या गाडीनं परतलो आणि रात्रीची आतषबाजी हॉटेलच्या पार्किंगमधून, झाडांच्या वर जेवढी दिसली तेवढी पाहिली.

दुसऱ्या खेपेला आतलं, अगदी स्वस्त वर्गातलं हॉटेल घेतलं. खोली लहानच. भिंतीतून खाली ओढायचा पलंग, तो वर लोटला की त्याच जागी टेबल. पण आतल्या हॉटेलांची बस मॅजिक किंगडमच्या दाराजवळ उभी राहते आणि दिवसभर फेऱ्या मारते. एकला निघालो, झोपलो, आंघोळी केल्या, पाचला परत. घड्याळ लावून मोजलं नाही, पण दारातून निघून पलंगावर आडवं व्हायला पाऊण तास लागला असेल. तुमच्या नशिबी बस उशिरानंही येऊ शकते, हे मान्य. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या डिस्नेच्याच दुसऱ्या पार्कांना २०१९ पासून तारेवरच्या पाळण्यांची स्कायलायनर आहे, चारच हॉटेलांना जोडलेली. विजा कडाडल्या की तीही थांबते.

आतल्या आणि बाहेरच्या हॉटेलांतलं हे अंतर काही योगायोगानं पडलेलं नाही. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेकडे हॉटेलला पैसा उरला नव्हता. टीव्हीनिर्माते जॅक रॅदर यांनी शेजारी डिस्नेलँड हॉटेल बांधलं, आणि ते डिस्ने कंपनीच्या हाती यायला १९८८ उजाडलं. तोवर पार्कभोवती मोटेलांची गर्दी झाली होती. वॉल्टना ती खुपायची, म्हणून फ्लोरिडात त्यांनी २७,००० एकरांहून जास्त जमीन घेऊन ठेवली. १९७१ साली तिथं पहिली हॉटेलं उघडली, त्यातल्या काँटेम्पररीच्या तर पोटातूनच मोनोरेल जाते. बाहेरच्या हॉटेलांना कंपनीनं पद्धतशीर लांब ठेवलं. आमच्यासारख्यांना परवडेल असा स्वस्त वर्ग आला तो थेट १९९४ मध्ये.

म्हणूनच कॅलिफोर्नियाला जाणाऱ्यांना मी उलट सांगतो. तिथे हार्बर बुलेव्हार्डवरची काही मोटेलं डिस्नेलँड हॉटेलपेक्षाही दाराला जवळ आहेत. रस्ता ओलांडला की पलंग. तिथे आत राहायचे जादा पैसे कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

ऑर्लँडोतच डिस्नेच्या स्पर्धक युनिव्हर्सलची पार्कं आहेत; त्यांना जास्त दिवस देणार असाल, तर पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक ही तीन हॉटेलं बघा. बोटीनं किंवा चालत जाता येतं, शिवाय रांग टाळणारा एक्स्प्रेस पास खोलीसोबतच मिळतो. फक्त २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्स या युनिव्हर्सलच्या नव्या पार्कमध्ये तो चालत नाही. महाग आहेत, पण चौघांच्या पासची किंमत वजा करून बघा.

गाडी भाड्यानं घेणार असाल आणि मुलं मोठी असतील, तर बाहेर राहा, खुशाल राहा. सोबत लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर मात्र पैसे भरण्याआधी त्या बाहेरच्या हॉटेलला फोन करून एवढंच विचारा: दुपारी एक वाजता परतीची गाडी आहे का?