स्नॅपसीड : फोटोतला हवा तेवढाच भाग सुधारणारे अ‍ॅप

फोनवर फोटो एडिट करण्यासाठी आज अ‍ॅप उदंड झाली आहेत. मात्र त्यांतली बहुतेक एक तर मध्येच जाहिरात दाखवतात, नाहीतर नेमके उपयोगाचे साधन वर्गणी भरल्याशिवाय वापरू देत नाहीत. स्नॅपसीड याला अपवाद आहे. निक सॉफ्टवेअर या कंपनीने २०११ मध्ये ते आयपॅडसाठी आणले, २०१२ मध्ये गूगलने ती कंपनीच विकत घेतली, आणि तेव्हापासून अ‍ॅन्ड्रॉइड व आयफोन दोन्हींवर ते विनामूल्य आणि जाहिरातींविना मिळते. आयफोनवर २०२५ मध्ये त्याची मांडणी बदलली. माझा अनुभव अ‍ॅन्ड्रॉइडवरील जुन्या मांडणीचा आहे.

या अ‍ॅपची खरी परीक्षा अवघड उजेडात होते. यवतजवळच्या भुलेश्वर मंदिराचेच उदाहरण घेऊ. बाहेर रणरणते ऊन, आत काळ्या पाषाणावर कोरलेल्या मूर्ती आणि त्यांच्यावर कुठून तरी तिरपा येणारा थोडासा प्रकाश. अशा ठिकाणी फोनने काढलेल्या फोटोत दाराबाहेरचे आभाळ पांढरेफटक पडते आणि मूर्ती अंधारात बुडतात. ब्राइटनेस वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण त्याने आधीच उजळ असलेला भाग आणखी उजळतो. ‘ट्यून इमेज’ या साधनात शॅडोज (अंधारे भाग) थोड्या वर आणि हायलाइट्स (उजळ भाग) खाली घेतल्यावर फोटोचा तोल बराचसा सावरतो, जो भाग मुळातच पूर्ण पांढरा नोंदला गेला आहे, त्यातला तपशील मात्र कोणत्याही साधनाने परत आणता येत नाही. म्हणून फोटो काढतानाच उजळ भागावर बोट ठेवून एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) कमी करावे. सावल्या नंतर उजळता येतात.

यापुढचे काम ‘सिलेक्टिव्ह’चे, आणि माझ्या मते केवळ या एका साधनासाठीही हे अ‍ॅप फोनमध्ये ठेवावे. मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट टेकवले की तिथे एक बिंदू उमटतो. दोन बोटे जवळ किंवा दूर नेली की त्याचे वर्तुळ लहान-मोठे होते, आणि त्या वेळी परिणाम होणारा भाग लाल रंगात दिसतो. ही लाली सगळे वर्तुळ सरसकट भरत नाही. बिंदूखालच्या रंगाशी आणि उजेडाशी जुळणाऱ्या भागावरच ती पसरते. त्यामुळे चेहरा उजळतो आणि त्यामागची अंधारी भिंत बऱ्याच अंशी जशीच्या तशी राहते. बोट वर-खाली नेऊन ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) आणि स्ट्रक्चर (पोताचा उठाव) यांतले हवे ते निवडायचे, आडवे नेऊन त्याचे प्रमाण ठरवायचे. कडा हाताने कोरत न बसता इतके नेमके काम होते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

‘व्ह्यू एडिट्स’कडे अनेकांचे लक्षच जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. केलेला प्रत्येक बदल तिथे पायरीपायरीने नोंदलेला असतो; मधलीच एखादी पायरी उघडून तिचे प्रमाण बदलता येते, ती काढून टाकता येते, किंवा ब्रश घेऊन तिचा परिणाम फोटोच्या ठरावीक भागापुरता ठेवता येतो. ‘डिटेल्स’मधल्या स्ट्रक्चरने पाषाणावरचे छिन्नीचे घाव सुरेख उठून येतात, पण तेच स्ट्रक्चर सावलीतले दाणेही (कमी उजेडामुळे फोटोत उमटणारे बारीक ठिपके) वर आणते. अशा वेळी त्या पायरीवर ब्रश फिरवून परिणाम फक्त मूर्तीवर ठेवला की सावली स्वच्छ राहते.

उणिवाही आहेत. अंधारात काढलेल्या फोटोतले दाणे घालवण्यासाठी वेगळे साधन नाही, आणि ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते. ‘हीलिंग’ने मोकळ्या आभाळातली तार किंवा गालावरचा डाग सहज जातो, परंतु जाळी, फरशी किंवा नक्षी यांवरून काही काढायला गेल्यास रेषा तुटतात, आणि भरावासाठी फोटोचा कोणता भाग घ्यावा हे आपल्याला सांगता येत नाही. उजळ आणि अंधाऱ्या भागांतला तपशील एकदम उठावदार करणारे ‘एचडीआर स्केप’ जपूनच वापरावे. त्याचे प्रमाण वाढले की माणसांच्या त्वचेवर राखाडी झाक येते आणि डोंगराच्या कडेने आभाळात उजळ पट्टा उमटतो. पावसाळ्यातल्या सह्याद्रीचे जे भडक हिरवे फोटो सर्वत्र फिरतात, त्यांत ही खूण हमखास सापडते. खाली पाहत काढलेल्या फोटोतले कललेले खांब ‘पर्स्पेक्टिव्ह’ने ओळंब्यात येतात, तेवढे साधन निर्धास्त वापरावे.

डीएनजी स्वरूपातली रॉ फाइलही (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली नोंद) यात उघडते, आणि फोन तशी फाइल देत असेल तर सावल्यांतून जेपीजीपेक्षा कितीतरी अधिक तपशील हाती लागतो. फोटो ठेवताना ‘एक्स्पोर्ट’ निवडावे म्हणजे मूळ प्रत सुरक्षित राहते; आणि छपाईला द्यायचा असेल तर सेटिंग्जमध्ये जेपीजीचा दर्जा १०० टक्के आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.